दोन सिस्टीम्समधला आवाज

त्या घरात आता दोनच माणसे बोलत, आणि तीही एकमेकांशीच. एक तिचा नवरा, दुसरा तिचा धाकटा भाऊ. विषय एकच: जी तिसरी होती, पलंगावर उशांच्या आधाराने बसवलेली, जिच्या हातांनी आणि जिभेने केव्हाच रजा घेतली होती, तिने कोणत्या सिस्टीमवर बोलावे. तिलाच विचारावे असे दोघांनाही अधूनमधून वाटे. पण विचारायचे तर मशीन चालू करायला हवे, आणि मशीन चालू करायचे तर कोणत्या सिस्टीमवर, हे आधी ठरायला हवे. तिथेच घोडे पेंड खाई.

आजार येईपर्यंत ती न्यायालयात लघुलेखिका होती. अडखळणारे साक्षीदार, धावत सुटलेले वकील, दाढीतल्या दाढीत पुटपुटणारे न्यायाधीश, सगळ्यांना तिची पेन्सिल वळणांत आणि रेघांत पकडून ठेवी. बोलणारा वाक्याच्या शेवटाला पोहोचायच्या आत ती तिथे जाऊन त्याची वाट पाहत उभी असे. आता लोक वाक्याच्या शेवटी उभे असत, आणि ती पहिल्या अक्षरापाशी.

पलंगाच्या कडेला बसवलेल्या लोखंडी दांडीवर एक पडदा होता. पडद्याखाली बोटभर रुंदीचा कॅमेरा. तो तिच्या बुबुळांवर पाळत ठेवी. ती ज्या अक्षराकडे पाही ते अक्षर उजळे, अक्षरांचे शब्द होत, आणि मग मशीन बोले. बोले तेही तिच्याच आवाजात. आवाज अजून शाबूत होता तेव्हा नवऱ्याने तिला माइकपुढे बसवून वाक्यांमागून वाक्ये वाचून घेतली होती, आणि त्या तुकड्यांतून एक आवाज घडवला होता, जो तिने कधीही न उच्चारलेली वाक्ये उच्चारू शके. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा तिला वाटले होते की आपण शेजारच्या खोलीत आहोत आणि कोणाशी तरी बोलतो आहोत. उठून जाऊन पाहावेसे वाटले होते.

त्या एका मशीनमध्ये ते चालवणाऱ्या दोन सिस्टीम्स नांदत होत्या, एका वेळी एकच जागी. एक नवऱ्याची. तो वीज कंपनीच्या संगणक विभागात होता, आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली ती मोकळी सिस्टीम त्याने कंपनीतल्या यंत्रांवर वर्षानुवर्षे चालवली होती. दुसरी भावाची. त्याचे संगणकांचे दुकान होते, आणि तो विकतची, चकचकीत, डबा उघडताच चालू होणारी सिस्टीम विकत असे. तिने मनातल्या मनात त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावे ठेवली होती; या वयात घरात दोन सवती याव्यात आणि त्याही आपल्याच पलंगाशी, याचे तिला पूर्वी हसू आले असते. थोरली गंभीर, खात्रीची, पण कमालीची सावकाश. तो कॅमेरा थोरलीला ओळखीचा नव्हता, म्हणून दोघांमधला दुभाषी प्रोग्राम नवऱ्याने स्वतः लिहिला होता, आणि तो दुभाषी दर वेळी विचार करून उत्तर देई. धाकटी चटपटीत. तिला नजर कळे, नजरेच्या पुढचेही कळे. दोन अक्षरे पडली न पडली तोच ती पडद्याच्या तळाशी पुढची वाक्ये मांडून ठेवी. मात्र ऐन वेळी रुसण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

तिचा आवाज दोघींनाही वापरता यावा म्हणून डिस्कवर एक सामाईक जागा राखून ठेवलेली होती. नवरा तिला मधली खोली म्हणे. तिथे तिचा आवाज आणि तिने लिहून ठेवलेले निरोप असत, आणि त्या खोलीचे दार दोन्ही बाजूंनी उघडे. त्या खोलीचा तह होताना भावाने आणि नवऱ्याने हस्तांदोलन केले होते. त्यांच्यातले ते शेवटचे एकमत.

"भावोजी, तुमच्या सिस्टीमला उगाच नावं ठेवत नाही मी," भाऊ म्हणे, "पण ती सुरू करायची तर माणसाला आधी पदवी घ्यावी लागते."

"आणि तुझी? तुझी ऐन बोलायच्या वेळी आरशापुढे जाऊन बसते. 'मी अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका.' अपडेट कसली, नट्टापट्टा करते मेली."

"निदान उठून बसते. ताईला पाणी हवं असेल तर ते ती तहान असेपर्यंत सांगते."

"माझी पडत नाही. कंपनीतली विचार. एकदाही पडलेली नाही."

"पडत नाही, कारण उठतच नाही."

दिवसपाळीची परिचारिका, जिला सगळे नुसतेच सिस्टर म्हणत, तिच्या पाठीला पावडर लावता लावता कानाशी वाकून म्हणाली होती, "ताई, या दोघांचं एकमेकांशीच लग्न लावून द्या. तुम्ही सुटाल." तिच्या चेहऱ्यावर हसू उमटू शकत नव्हते. पण सिस्टरला ते दिसे. कोठे दिसे कोण जाणे.

ती त्या दोघांवर रागावली नव्हती, हेच सर्वांत वाईट होते. तिला सगळे कळत होते. तिच्यातले जे बंद पडत चालले होते त्याला हात लावायची कोणाचीच प्राज्ञा नव्हती. म्हणून दोघांनी ज्याला हात लावता येतो त्याला हात घातला होता. नवरा रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन बूट काढण्याआधी पडद्याची तार तपासे. तिच्या डोळ्यांत तो पाहायचा टाळे, डोळ्यांची नोंद घेणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र पाहत बसे. भाऊ दुकान लवकर बंद करून यायचा तो बहिणीला भेटायला, आणि भेटायचा मेव्हण्याला. त्यांचा वाद जोवर चालू होता तोवर कोठे तरी काही तरी सुधारण्यासारखे होते. तो संपला असता तर तिघांना एकमेकांसमोर नुसते बसावे लागले असते, आणि तेवढी हिंमत तिघांपैकी एकातच होती.

पण त्या आठवड्यात तिला बोलायचे होते. खरेच बोलायचे होते.

मुलगी दूरच्या एका बंदरात होती. समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका संशोधन बोटीवर तिची निवड झाली होती, ज्या निवडीसाठी तिने उमेदीची वर्षे घालवली होती. बोट सोमवारी सुटणार होती आणि वर्ष उलटून गेल्यावर परतणार होती. त्या वर्षाच्या पोटात काय आहे हे सगळ्यांना माहीत होते; डॉक्टरांनी ते हळू आवाजात सांगितले होते, आणि हळू आवाजात सांगितलेले तिला नेहमीच नीट ऐकू येई, धंदाच तो होता. मुलीने फोनवर बापाला सांगून ठेवले होते की रविवारी दुपारी ती बोलेल, आणि आई म्हणेल तसे करेल. राहा म्हणाली तर घरी येईल, जा म्हणाली तर बोटीवर चढेल. "आई म्हणेल तसं, बाबा. तुम्ही म्हणाल तसं नाही."

त्या शेवटच्या वाक्याला कारण होते. मुलीच्या वाढदिवसाला आईचा शुभेच्छांचा निरोप पोहोचला होता, आईच्या आवाजात, सुरेख, लांबलचक. मुलीने तो ऐकून घेतला आणि विचारले होते, "बाबा, यातलं आईचं किती?" त्यात आईचे दोनच शब्द होते. डोळे थकल्यावर उरलेले नवऱ्याने भरले होते, प्रेमाने, जसा तो ताटात उरलेला घास तिला भरवी. त्या दिवसापासून मुलगी आईच्या आवाजावर विश्वास ठेवीत नव्हती. आईच्या बोलण्यावर ठेवी. आईचे बोलणे म्हणजे टोमणा. ज्यात टोमणा नाही ते आईचे नाही, ही मुलीची कसोटी.

आणि तिला सांगायचे होते, जा.

हे डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणून सांगता येण्यासारखे नव्हते. नवऱ्याने एकदा विचारून पाहिले होते. पोर यावी असे तुला वाटते ना, असे. तिने नजर खाली टाकली होती. खाली म्हणजे नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते. नवऱ्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो भावाला म्हणाला, "तिला कुणावर ओझं व्हायचं नाही, म्हणून नाही म्हणते." भावाने मान डोलावली. तिचा नकार कितीही स्पष्ट असला तरी तिच्याच चांगुलपणाच्या खाती जमा होई. आजारी माणसाचे नाही हे कोणी शब्दशः घेत नाही.

म्हणून तिने वाक्ये जुळवली. रात्रंदिवस छताकडे पाहत, एकेक शब्द हलका करीत, जसे ती पूर्वी लांबलचक जबान्या चार रेघांत बसवी तसे. आणि सलग तीन दिवस सकाळी, नवरा कचेरीत आणि भाऊ दुकानात असताना, थोरलीवर ती लिहून काढली. अक्षर उजळायला लागणारा वेळ तिने सोसला. सिस्टरने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि ती मागच्या इमारतीच्या नळांकडे पाहत बसली, म्हणजे वाचले जाऊ नये. निरोप पुरा झाला तो असा:

"जा. इथे येऊन काय करशील? बापासारखी स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या उशाशी बसशील. ते काम करायला इथे दोघे आहेत आणि दोघेही निकामी आहेत. मला खिडकीतून भिंत दिसते. तू कुठे तरी पाण्यावर आहेस एवढं मला माहीत असू दे. मी त्यावर जगेन, जेवढं असेल तेवढं."

तो मधल्या खोलीत, तिच्या आवाजाशेजारी जाऊन बसला. रविवारी एका चिन्हाकडे पाहायचे, की झाले. कित्येक महिन्यांत तिला प्रथमच पुढचा एखादा दिवस हवासा वाटला.

शनिवारी भावाने टूम काढली. एकदाचा निकालच लावू, तो म्हणाला. उद्या पोरीसमोर फजिती नको. एकच मशीन, एकच वाक्य, आधी एकीवर, मग दुसरीवर. कोण लवकर बोलते आणि कोण पडते ते पाहू. नवऱ्याला नाही म्हणता आले नाही, कारण नाही म्हणणे म्हणजे हरणे. वाक्य निवडण्यावरून थोडी वादावादी झाली. जोडाक्षरे फार नकोत, अगदी सोपेही नको. शेवटी ठरले: आज हवा छान आहे.

ती सबंध दुपार तिने हवा छान असल्याचे सांगितले. खिडकीबाहेर ढगाळ होते. थोरलीवर सांगितले, धाकटीवर सांगितले, कॅमेरा खाली करून, वर करून, दिवा लावून, मालवून. बुबुळे जळू लागली. तिने नजर खाली टाकली, पुन्हा टाकली. कॅमेऱ्याने ती नजर 'छ' म्हणून टिपली. सिस्टरने मध्ये पडून पाहिले, ताई दमल्या म्हणून सांगितले. त्यावर भाऊ म्हणाला, एकच फेरी. नवराही म्हणाला, एकच. त्या एका वाक्यावर दोघांचे एकमत होते, म्हणून ते आणखी काही फेऱ्या टिकले.

निकाल लागला. धाकटी वेगात जिंकली आणि एकदा अर्ध्या वाक्यावर गोठली. थोरली दर वेळी मागे राहिली आणि एकदाही पडली नाही. दोघेही आपण जिंकलो म्हणून जेवायला बसले. निघताना भावाने आपली सिस्टीम बंद केली, बहिणीच्या केसांवरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "उद्या बघ ताई, कशी घडाघडा बोलशील."

धाकटी बंद झाली नव्हती. तिची जात तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी लवकर उठता यावे म्हणून ती बंद व्हायचे सोंग करून नुसती डुलकी घेई, आणि डुलकी घेताना हाती असलेले सगळे मुठीत गच्च धरून ठेवी. ज्या वेगाचे भावाला कौतुक होते तो वेग त्या मुठीतला होता. आणि शनिवारी संध्याकाळी तिच्या मुठीत मधली खोली होती.

रविवारी दुपारी नवऱ्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि खात्रीची म्हणून थोरली चालू केली. ती आपल्या संथ पावलांनी उठली. अक्षरे आली. आवाज आला नाही. निरोपही आले नाहीत. त्याऐवजी एक ओळ आली: ही जागा दुसऱ्या सिस्टीमच्या ताब्यात आहे, तिने ती नीट सोडलेली नाही, माहितीला धोका पोहोचू नये म्हणून उघडता येत नाही. थोरलीचा तोच तर गुण होता. जे दुसऱ्याने सोडलेले नाही त्याला ती हात लावीत नसे.

भाऊ धावत आला तेव्हा नवऱ्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. ती उशांवरून दोघांच्या पाठी पाहत होती.

"जबरदस्तीनं उघडा ना, भावोजी. एक आज्ञा द्यायची, उघडते."

"उघडते, आणि आतलं फाटलं तर? आवाज आहे तिथं तिचा. दुसरी प्रत कचेरीत आहे, आज कचेरीला कुलूप आहे."

"काही फाटत नाही."

"तुझी बंद का होत नाही ते सांग आधी. बंद कर म्हटलं तर बंद व्हायला काय धाड भरली होती?"

"ती लवकर उठावी म्हणून..."

"लवकर उठून काय केलं तिनं?"

फोन वाजू लागला. नवऱ्याने तो उचलून तिच्या समोर, पडद्याशेजारी उभा केला. मुलगी एका लोखंडी जिन्याशी उभी होती, वाऱ्याने केस तोंडावर येत होते, मागून भोंगे ऐकू येत होते. "आई," ती म्हणाली, आणि गप्प झाली; आईला बोलायला वेळ लागतो हे तिला माहीत होते.

नवऱ्याने थोरली बंद करून धाकटीला उठवले. ती उठली, आणि तिला अपडेट सुचली. पडद्यावर एक वर्तुळ गरगरत राहिले. भाऊ त्या वर्तुळाकडे असा पाहत होता की जणू दुकानातली सगळी खोकी एकदम त्याच्या अंगावर कोसळली होती. मुलगी म्हणाली की तिला फार वेळ नाही, वर नावे घेतली जात आहेत, आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचे आहे. बाप म्हणाला, थांब बेटा, आई बोलतेय. आई बोलत नव्हती. वर्तुळ फिरत होते.

मग अक्षरे आली. मधल्या खोलीवर मात्र पाटी: तपासणी चालू आहे, वेळ लागेल. थोरलीने दार ठोठावले म्हणून धाकटीला संशय आला होता. आता ती आत एकेक वस्तू मोजत होती. तोवर आवाज धाकटीचा स्वतःचा, कारखान्यातून आलेला. गोड, तरुण, कोणाचाही.

तिने 'जा' लिहिले. दोनच चिन्हे, आणि बुबुळे थरथरत होती, पण लिहिले.

"जा," ती परकी बाई म्हणाली.

मुलीच्या चेहऱ्यावर काही तरी मिटले. "बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत ना?"

बापाने शपथ घेतली. मामानेही घेतली. दोघांच्या शपथा एकमेकींत अडकल्या, आणि जितक्या घेतल्या तितका मुलीचा चेहरा मिटत गेला.

तिला टोमणा हवा होता. एकच टोमणा, मग मुलगी ओळखेल. तिने 'बा' लिहिले, 'बापासारखी'मधला. पडद्याच्या तळाशी धाकटीने लगबगीने मदत मांडली: बाळा, काळजी घे. बरं वाटतंय. तुझी खूप आठवण येते. तिने नजर 'प'कडे नेली. 'प' वरच्या ओळीत होता. वर जाणे म्हणजे डोंगर. शनिवारच्या सगळ्या छान हवेचे ओझे त्या दोन बुबुळांवर होते; ती अर्ध्यातून घसरली, खाली आली, आणि तळाच्या एका ओळीवर, जिथे काहीच करावे लागत नाही अशा जागी, क्षणभर विसावली.

"तुझी खूप आठवण येते," परकी बाई म्हणाली.

मुलगी रडू लागली; टोमण्याची कसोटी ती विसरली. भोंग्यांमधून तिचे शब्द तुटक आले. "हे मात्र तुझं आहे. हे बाबांना सुचलं नसतं. मी येते, आई. मी येतेय."

तिने नजर खाली टाकली. खाली, खाली, खाली. पडद्यावर तीच ओळ पुन्हा पुन्हा उजळत होती, आणि ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, तुझी खूप आठवण येते, तुझी खूप आठवण येते, तुझी खूप, आणि शेवटी भावाने आवाज बंद केला.

खोटे काय होते त्यात? येत होती आठवण. हाडांच्या आतून येत होती. जगातल्या सगळ्या वाक्यांतून त्या यंत्राने नेमके तेच काढले होते जे खरे होते आणि जे तिला मरेपर्यंत सांगायचे नव्हते.

तपासणी संध्याकाळपूर्वी संपली. मधली खोली उघडली; आत सगळे जसेच्या तसे. सिस्टरने डोळ्यांत थेंब घातले होते, तरी तिने उरलीसुरली ताकद गोळा करून त्या एका चिन्हाकडे पाहिले, आणि खोलीत तिचा स्वतःचा आवाज उभा राहिला. जा. इथे येऊन काय करशील? बापासारखी स्क्रूड्रायव्हर घेऊन... दोघेही निकामी आहेत... जेवढं असेल तेवढं.

आवाज थांबला. नवरा पलंगाच्या कडेवर बसला. फोन त्याच्या हातातच होता, आणि बंदरात अजून संध्याकाळ झाली नव्हती. तिने त्या हाताकडे पाहिले. मग त्याने निरोपाच्या शेजारची बारीक अक्षरे वाचली, आणि त्याच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला.

"गुरुवारचा आहे," तो म्हणाला.

भाऊ वाकला. "गुरुवारचाच."

"त्यानंतर आज दुपारी ती स्वतः बोलली. आपल्या डोळ्यांदेखत."

"मग आजचंच धरायचं," भाऊ म्हणाला. "नंतरची प्रत ती खरी."

"नंतरची ती खरी," नवरा म्हणाला.

दोन्ही सिस्टीम्सचा नियम तोच होता; त्यावर कधी वाद झालाच नव्हता. एकाच गोष्टीच्या दोन प्रती सापडल्या तर जुनी बाजूला ठेवायची, नवी राखायची. नवऱ्याने फोन खिशात टाकला. त्याचा चेहरा शांत होता, आणि त्या शांततेखाली, ती त्याला ओळखत होती म्हणूनच तिला दिसले, एक लपवलेला आनंद होता. पोर घरी येणार होती. त्यालाही कोणी तरी हवे होते. एवढे दिवस त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, कारण त्याच्यासाठी कोणी कॅमेरा बसवला नव्हता.

तिने पुन्हा अक्षरांकडे पाहायचा प्रयत्न केला. बुबुळे जागची हलली नाहीत. सिस्टरने पडदा बाजूला फिरवला आणि ती म्हणाली, आता पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिले अक्षर उजळवता आले तेव्हा बोटीवरची ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन झाली होती, आणि बोट सुटली होती.

मुलगी दोन दिवसांनी आली. खांद्यावरची जाड कापडी पिशवी दारातच टाकून तिने आईच्या मानेत तोंड खुपसले. उन्हाने रापलेली होती, अंगाला मिठाचा आणि तेलाचा वास होता. तो वास आईने हळूहळू, श्वासाच्या मास्कच्या कडेने जितका आत येईल तितका आत घेतला.

नवऱ्याने आणि भावाने मधल्या दिवसांत मशीन पुन्हा बसवले होते. धाकटीला आता खरोखर बंद व्हायला शिकवले होते, थोरलीच्या दुभाष्याला चपळ करून तयार ओळीही मांडायला शिकवले होते. नवऱ्याने पडदा तिच्या समोर आणला. "बोल," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात भीती होती. मुलगी जमिनीवर बसली, हनुवटी गादीवर टेकवून. "बोल ना, आई. काहीही."

अक्षरे नजरेबरोबर धावत होती. इतके सोपे कधीच नव्हते. ती आता काहीही म्हणू शकली असती. का आलीस, हे म्हणू शकली असती. मी नको म्हणाले होते, हेही. निरोप मधल्या खोलीत तसाच होता, एका नजरेच्या अंतरावर. मुलीच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, आणि त्या डोळ्यांनी ती एवढ्या विश्वासाने वाट पाहत होती की जणू अजूनही सगळे व्हायचेच होते.

तिने तळाच्या तयार ओळींकडे पाहिले नाही. एकेक अक्षर स्वतः लिहिले.

"बरं झालं आलीस," तिचा आवाज म्हणाला. स्वच्छ, सलग, थोडा खर्जातला, जसा पूर्वी होता तसा.

मुलीने तिचा निर्जीव हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. मागे दोघे पुरुष श्वास रोखून उभे होते. नवऱ्याने नाक पुसले. भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला की पाहिलंत, एकदासुद्धा अडकली नाही. आणि नवरा म्हणाला की अडकेल कशी, ही थोडीच तुझी आहे, ही मोकळी आहे. भाऊ म्हणाला की मोकळी असली तरी कॅमेऱ्याची अक्कल त्याच्या दुकानातली आहे. नवरा म्हणाला, दुकानात अक्कल केव्हापासून मिळायला लागली. दोघेही हसत होते, किती तरी दिवसांनी.

"आमच्याकडे दोन्ही असतात, मामा," मुलगी गालावरचा हात न काढता म्हणाली. "तळ मोजायला एक, नोंदी ठेवायला दुसरी. आणि रात्री आम्ही..." ती थांबली. "म्हणजे ते. बोटीवर ते दोन्ही ठेवतात."

कोणाचे लक्ष नव्हते. भाऊ तार गुंडाळत होता, नवरा त्याला ती कशी गुंडाळू नये हे सांगत होता. तिने पडद्यावरून नजर काढली आणि मुलीकडे पाहिले. कॅमेरा थोडा वेळ रिकाम्या हवेत तिचे डोळे शोधत राहिला.